विझलेल्या दोन टोकांचा तारा

ऐन लग्नसराईत लायटिंगवाल्याला कोणी सुट्टीवर पाठवतं का? हा प्रश्न काकांना विमानात बसताना पडला. विमान उतरलं, गाडी बदलली, बॅगेची चाकं दगडी रस्त्यावर खडखडवत ते लॉजच्या दाराशी येऊन उभे राहिले, तरी तो सुटला नव्हता. डिसेंबर म्हणजे धंद्याचे दिवस. या दिवसांत काकांना जेवायला सवड नसते, दाढीला नसते, आणि घरात कोणाला आजारी पडायचंच असेल तर त्याने जानेवारीत पडावं अशी त्यांची साधी अपेक्षा असते. असा माणूस हातमोजे घालून, कानटोपी ओढून, बायकोबरोबर परक्या देशात नाताळ बघायला आला होता. स्वतःहून आला नव्हता, पाठवला गेला होता.

पाठवणारे चिरंजीव. लायटिंगचं दुकान बापलेकांचं, पण गेल्या वर्षभरात लेकाच्या डोक्यात कॉम्प्युटरवर चालणाऱ्या माळा शिरल्या होत्या. बटण दाबलं की अख्खी इमारत गाण्याच्या तालावर रंग बदलते म्हणे. "इमारतीने कशाला नाचायला हवं? पाहुणे आहेत ना नाचायला," असं काकांनी त्याला एकदाच सुनावलं, आणि त्यानंतर बरेच दिवस दोघं कामापुरतंच बोलत होते. मग एका रात्री जेवताना चिरंजीवांनी ताटाशेजारी तिकिटं ठेवली.

"चार दिवस तुम्ही आणि आई जाऊन या. नाताळात तिकडचं शहर बघण्यासारखं असतं."

"आणि ते मोठं लग्न?" काकांनी विचारलं. सिझनमधलं सगळ्यात मोठं काम नेमकं त्याच आठवड्यात होतं.

"मी आहे ना, बाबा."

हे "मी आहे ना" काकांच्या घशात काट्यासारखं अडकलं. पोरगा एवढं गोड कधीपासून बोलायला लागला? सूनबाईने कानटोप्या कधी आणून ठेवल्या? आणि बायको, जी दोन दिवस माहेरी जायचं तरी दहा वेळा विचार करते, तिने बॅगा इतक्या झटपट कशा भरल्या? काकांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली ती तिथेच. आपल्याला गोड बोलून बाजूला काढायचं, मोठं लग्न आपल्या पद्धतीने उरकायचं, लोकांकडून वाहवा मिळवायची आणि म्हातारा परत आला की त्याच्यापुढे खुर्ची सरकवायची. बाबा, बसा आता. सगळं आयुष्य शिडीवर काढलेल्या माणसाला दुसरी कसली भीती नसेल, पण खुर्चीची असते.

विमानतळावर त्यांच्या शर्टाच्या खिशातला टेस्टर काढून घेतला. "अहो, हत्यार नाही ते, बल्ब तपासायचं आहे," हे काकांनी मराठीत, हिंदीत आणि खुणांनी सांगून पाहिलं. उपयोग झाला नाही. तेव्हापासून त्यांचा हात सारखा रिकाम्या खिशाकडे जाई. काकू पहिला दिवस घाबरूनच होत्या, त्यांना वाटत होतं यांच्या छातीत दुखतंय.

आणि शहर तर असं की माणसाने गोंधळायचं तरी किती. सकाळचा चहा घ्यायला उठावं तर बाहेर काळोख. जेवून जरा डुलकी काढावी तर परत काळोख. रस्ता ओलांडताना काका ज्या बाजूला बघत त्या बाजूने कधीच काही येत नसे, येई ते बरोबर दुसरीकडून. लॉजमध्ये पलंग एक, पण पांघरुणं दोन, ती का ते कळेना. काकूंना हे पांघरूण प्रकरण फार आवडलं, कारण संसारात पहिल्यांदाच त्यांच्या वाट्याची चादर त्यांच्याच अंगावर राहिली होती. बाथरूमच्या दिव्याचं बटण बाथरूमच्या बाहेर होतं. काकांनी ते आत शोध शोध शोधलं आणि शेवटी अंधारातच अंघोळ केली. लायटिंगवाला अंधारात अंघोळ करून आला म्हणून काकू पोट धरून हसल्या. काकांना त्यात हसण्यासारखं काय आहे ते समजलं नाही.

दुसऱ्या दिवशी दोघं दिवसभर फिरले. शहर उजळलेलं होतं हे खरंच. नदीवरच्या पुलाला निळ्या माळांचा पडदा, पलीकडच्या चौकात पांढऱ्या दिव्यांचं भलंमोठं हरीण, आणि जुन्या वस्तीत प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी, भिंतीतल्या लोखंडी दांड्यावर टांगलेला एकेक तारा. काकू पावलोपावली थांबत होत्या.

"अहो, बघा तरी. काय सुंदर दिसतंय."

"जोड उघडा ठेवलाय," काका म्हणत. "पावसाचं पाणी गेलं तर?"

हरणापाशीही तेच. काकू हरणाच्या शिंगांकडे बघत होत्या आणि काका हरणाच्या पोटाखाली वाकून वायर कुठून आणली आहे ते शोधत होते. वर आले तेव्हा काकू पुढे निघून गेल्या होत्या. नंतर त्या फारशा बोलल्या नाहीत. काकांना वाटलं, थंडीने असेल.

काकांची एक सवय इथे सांगायलाच हवी, कारण पुढचं सगळं रामायण त्या सवयीने घडलं. काका रस्त्यांची नावं, पाट्या, घरांचे नंबर असलं काही बघत नाहीत. धंद्यातली माणसं पत्ता सांगतात तीही तशीच. "पिवळ्या माळांच्या बिल्डिंगला डावीकडे वळ, पुढे आपला मागच्या वर्षीचा हॉल लागेल." इथेही त्यांनी वाट अशीच डोक्यात बसवली होती. स्टेशन, निळा पूल, पांढरं हरीण, आणि मग ताऱ्यांच्या गल्ल्या. तारे सगळे सारखेच, पण आपला ओळखायला सोपा. त्याच्या पाच टोकांपैकी उजवीकडची दोन टोकं विझलेली. तो तारा आला की वळायचं, दुसरं दार आपल्या लॉजचं. लॉजचं नाव काय, हे त्यांना कोणी विचारलं असतं तर त्यांनी त्यालाच वेड्यात काढलं असतं. नाव छापलेलं कार्ड काकूंच्या पर्समध्ये होतं. ते त्यांनी काकांना दोनदा दाखवलंही होतं.

तो अर्धवट तारा त्यांच्या खोलीच्या खिडकीतूनच खाली दिसायचा. संध्याकाळभर काका खिडकीशी उभे.

"साधं लूज कनेक्शन आहे. इथून दिसतंय मला. एवढ्या मोठ्या शहरात एक माणूस नाही जोड दाबून बसवायला?"

"अहो, तुमचा तारा आहे का तो?"

"माझा नाही म्हणून काय झालं?"

काकूंनी नवी शाल अंगावर घेतली होती आणि त्या तयार होऊन पलंगाच्या कडेला बसल्या होत्या. पुलावरून परत एक चक्कर मारून येऊ, असं त्या दुपारीच म्हणाल्या होत्या. पण काकांनी आधी घरी फोन लावला. लॉजच्या वायफायवरच तो लागत असे. पलीकडे शिडी ओढल्याचा आवाज आला आणि मग चिरंजीवांचा. "सगळं मस्त चाललंय, बाबा. तुम्ही फिरा." आणि फोन बंद. काय लावतोयस, किती लावतोयस, जनरेटर कुठे ठेवलास, एकही प्रश्न विचारू दिला नाही.

काका फोन हातात धरून बसून राहिले. आपल्याशिवाय तिकडे सगळं मस्त चाललंय, हे त्यांना तोंडात मारल्यासारखं लागलं. काकूंनी शाल काढून घडी घालून ठेवली तरी त्यांच्या लक्षात आलं नाही. त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं. स्टेशनजवळ एका ऑफिसच्या काचेत दिव्यांचं विमान लावलेलं त्यांनी पाहिलं होतं, म्हणजे तिकिटांचं ऑफिस असणार. सकाळीच जाऊन तिकीट बदलायचं, आणि मोठ्या लग्नाच्या आत घरी पोचायचं. बायकोला नंतर सांगू. तिचं तरी काय राहिलंय बघायचं? पूल झाला, हरीण झालं.

सकाळी काकू झोपलेल्या असतानाच ते उठले. फोनची बॅटरी थंडीत टिकत नव्हती, म्हणून तो चार्जिंगला लावून ठेवला. लॉजच्या दाराची किल्ली खिशात टाकली आणि चोराच्या पावलांनी जिना उतरून बाहेर आले. आकाश अजून काळंच होतं, दिवे चालू होते. आणि समोर तो तारा, दोन टोकं विझलेली.

आता काकांनी काय करावं? कोपऱ्यावरच्या घराला दगडी पायरी होती. पायरीवर चढलं की हात दांड्यापर्यंत पोचत होता. काकांनी हातमोजा काढून दातात धरला, जोड चाचपला, जरा बाहेर ओढला, फिरवला आणि घट्ट दाबला. दोन्ही टोकं झगझगून लागली. टेस्टरसुद्धा लागला नाही. काका पायरीवरून उतरले, दोन पावलं मागे सरून त्यांनी ताऱ्याकडे पाहिलं आणि गेल्या कित्येक दिवसांत पहिल्यांदा त्यांना बरं वाटलं. त्या खुशीत ते हरणाच्या चौकातून, निळ्या पुलावरून थेट स्टेशनपर्यंत आले. वाट कुठेही चुकली नाही.

ऑफिस बंद होतं. काकांना वाटलं, उघडायचं असेल अजून. शेजारचं दुकान बंद होतं, त्याच्या शेजारचंही. काका वाट बघत येरझाऱ्या घालत राहिले. उजाडलं, तरी एक शटर वर गेलं नाही. आज नाताळ आहे हे त्यांना माहीत होतं. त्यांना कळत नव्हतं ते एवढंच की सणाच्या दिवशी दुकान बंद कसं ठेवतात. सणाला तर धंदा करायचा. माणसं गेली कुठे? झाडणारा एक माणूस दिसला. काकांनी त्याला ऑफिसकडे बोट दाखवून हात हलवला. त्याने जोडलेले दोन्ही हात गालाखाली धरून झोपेची खूण केली आणि हसून पुढे गेला.

चला, परत जाऊ, बायको उठली असेल. काका मागे वळले, आणि त्यांना पहिला धक्का बसला. दिवे बंद झाले होते.

उजेड झाला की दिवे बंद करतात यात नवल काहीच नाही, काकांनी स्वतः हजार वेळा केले असतील. पण दिवे बंद झाले आणि त्यांच्या डोक्यातला सगळा रस्ताच बंद झाला. नदीवर एक पूल इकडे होता, एक तिकडे, दोन्हींच्या कठड्यांना करड्या वायरी लोंबत होत्या. यातला निळा कोणता? एक धरला. पलीकडे चौक आला, पण हरीण कुठे? लोखंडी सळ्यांचा एक सांगाडा उभा होता. ते हरीण असेल, नाहीतर घोडा, नाहीतर घसरगुंडी. पुढे गल्ल्या लागल्या. प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी विझलेला तारा, तसलीच दगडी पायरी, तसलंच जड लाकडी दार. काका एका गल्लीत शिरले, दुसरीतून बाहेर आले, आणि परत त्याच सांगाड्यापाशी. चकवा लागल्यासारखं झालं.

कुत्रं घेऊन निघालेला एक माणूस भेटला. काकांनी आपल्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत "हॉटेल" म्हटलं. तो काहीतरी विचारत होता, म्हणजे नाव विचारत असणार. काकांनी ताऱ्याकडे बोट केलं, पाच बोटं दाखवली, मग दोन मिटली. माणसाने काकांकडे पाहिलं, ताऱ्याकडे पाहिलं, आणि तीन बोटं दाखवून मान हलवली. मग अदबीने टोपी उचलून तो चालता झाला. तीन म्हणजे तिसरी गल्ली, असं समजून काका तिसऱ्या गल्लीत गेले. तिथे त्यांनी आपली किल्ली दुसऱ्या दाराला लावून पाहिली, तेवढ्यात दार आतूनच उघडलं. एक लहान मुलगी, तिच्यामागे कागदी टोपी घातलेला तिचा बाप, आणि आतून भरलेल्या घराचा ऊबदार वास. काका दोन्ही हात जोडून मागे सरकले. मागे सरकता सरकता पायरीवरून पडता पडता वाचले.

एका ट्रामच्या थांब्यावर आडोसा होता, तिथे ते बसले. ट्राम काही आली नाही. भूक लागली होती, पण विकत घ्यायला काही उघडं नव्हतं. आपण काय, कुठेही राहू. पण बायको उठली असेल. पलंग रिकामा, फोन चार्जिंगला. तिला इथलं अक्षर कळत नाही, कोणाशी बोलता येत नाही. छातीकडे हात जाणारा नवरा न सांगता निघून गेला तर तिने काय समजायचं? काकांना आपली लाज वाटली. आणि भीतीही वाटली, साधीसुधी नाही, जत्रेत हरवलेल्या पोराला वाटते तसली. एवढ्या वर्षांत आपण कुठे आहोत हे तिला माहीत नाही असं कधी झालंच नव्हतं. ते जनरेटरमागे असले तर तिला माहीत असायचं, जनरेटरमागे आहेत.

पोलिसाला गाठावं का? पण सांगायचं काय? गावाचं नाव माहीत होतं, लॉजचं नाही, गल्लीचं नाही. मग त्यांना सुचलं. अगदी साधी गोष्ट होती. अंधार पडू द्यायचा, दिवे लागले की वाट आपोआप दिसेल. इथे अंधाराला उशीर थोडाच आहे? दिवे लागायची वाट बघणं हा तर आपला जन्माचा धंदा. काका कॉलर वर करून बसले. हातपाय बधिर झाले की उठून फेऱ्या मारायच्या, परत बसायचं.

दुपारचे चार वाजायला आले आणि एका दमात सगळं शहर उजळलं. काका उभे राहिले. थकल्या अंगानेही त्यांच्या मनात आलं, काय टायमिंग आहे, एक माळ मागे राहिली नाही. लांबवर निळा पडदा दिसला, तो आपला पूल. मग चौक, आणि त्या सळ्यांच्या जागी चक्क हरीण. सकाळपासून याच्याच भोवती आपण फिरत होतो. काका जवळजवळ पळतच ताऱ्यांच्या गल्ल्यांकडे निघाले.

पहिला तारा, पाचही टोकं चालू. दुसराही पूर्ण, तिसराही. काका शेवटपर्यंत गेले. एकाही ताऱ्याचं एकही टोक विझलेलं नव्हतं. असं कसं होईल? काल होता, परवा होता. ते परत पहिल्या गल्लीपासून निघाले, प्रत्येक ताऱ्याखाली उभे राहून टोकं मोजली. पाच, पाच, पाच. आपण दुसऱ्याच वस्तीत आलो का? की अख्खा दिवस आपण दुसऱ्याच शहरात काढला? आणि मग, हातमोजा सारखा करताना, त्यांना आपल्या उजव्या हाताची बोटं दिसली.

सकाळी जोड दाबला होता तो याच बोटांनी. काकांनी कपाळावर हात मारला. आपल्याच हाताने आपल्या घराची खूण पुसली होती, आणि वर मागे सरून ताऱ्याकडे कौतुकाने बघितलंही होतं. असा मूर्खपणा दुसऱ्या कोणी केला असता तर काकांनी तो धंद्यातल्या चार लोकांना सांगून हसवलं असतं. आता हसू आलं नाही. त्यांचे डोळे भरून आले, थंडीने नव्हे. आता कुठे बघायचं हेच त्यांना समजेना. ते एका भिंतीला टेकून उभे राहिले.

किती वेळ उभे होते कोण जाणे. पाय दुखायला लागले म्हणून निघाले आणि परत त्याच गल्ल्यांवरून जायला लागले, आता न मोजता, मान खाली घालून. सहज वर बघितलं. पुढे, रांगेच्या मध्यावर, एक तारा होता. उजवीकडची दोन टोकं विझलेली.

काका जागच्या जागी थबकले. या ताऱ्याखालून ते मघाशी दोनदा गेले होते. तेव्हा तो पूर्ण होता, शपथेवर सांगितलं असतं. मग ते धावले. या वयात, त्या दगडांवर, त्या बुटांत.

ताऱ्याखाली लॉजची मालकीण स्वयंपाकघरातलं स्टूल दोन्ही हातांनी घट्ट धरून उभी होती. स्टुलावर काकू. डोक्याला मफलर, हात वर ताऱ्याच्या जोडात, आणि चेहरा रडून सुजलेला.

"कोणी बिघडवला हा?" काकांच्या तोंडून गेलं. दिवसभरात साठलेल्या सगळ्या शब्दांमधून नेमके हेच बाहेर पडले.

"मी," काकू वरूनच म्हणाल्या. "आधी मला खाली घ्या."

काकांनी त्यांना धरून खाली घेतलं. खाली आल्यावर काकूंनी त्यांच्या छातीवर एक धपाटा मारला, मग डोकं टेकवलं. मालकीण स्टूल उचलून दुसरीकडे बघायला लागली.

"सकाळी उठून बघते तर तारा पूर्ण," काकू म्हणाल्या. "म्हटलं, गेले हात लावून, आता येतील. दिवसभर नाही आलात. ही बिचारी दोनदा शोधून आली. मी खिडकी सोडली नाही, म्हटलं आलात आणि दार चुकलात तर? दिवे लागल्यावर दिसलात. खालून गेलात, अगदी असे. तारा बघितलात, मोजलात, आणि पुढे निघून गेलात. खिडकीवर मुठी आपटल्या मी. डबल काचा आहेत मेल्या. जिना उतरेपर्यंत तुम्ही गायब. मग माझ्या डोक्यात उजेड पडला, हे विझलेलंच शोधतायत. हिला स्टूल मागितलं. हिला वाटलं, बाई वेडी झाली."

"जोड कसा काढलास तू?"

"तीस वर्षं तुमच्या माळा तपासून कोण गुंडाळून ठेवतं?"

काकूंनी स्वेटरच्या खिशातून फोन काढून त्यांच्या हातात दिला. "आधी याच्याशी बोला. सकाळपासून सगळं टाकून बसलाय."

"बाबा?" चिरंजीवांचा आवाज बसला होता.

"काम कुठवर आलं?"

"काम पडलंय तसंच. तुम्ही सापडलात ना?"

"अरे वेड्या, संध्याकाळ व्हायच्या आत माळा चढवून घ्यायच्या असतात."

"इथे संध्याकाळ कधीच होऊन गेली, बाबा," तो म्हणाला, आणि नाक ओढल्याचा आवाज आला. काकांना विचारायचं होतं ते सगळे प्रश्न त्यांना आठवत होते. त्यांनी एकही विचारला नाही. "जेवून घे," म्हणाले आणि फोन ठेवला.

"सकाळी कुठे गेला होतात?" काकूंनी विचारलं.

काकांनी बुटांकडे बघितलं. "तिकीट बदलायला. पोराने मला बाजूला काढायला इकडे पाठवलंय. तुला नाही कळायचं. मोठं लग्न आहे आणि..."

"त्याने नाही पाठवलं. मी मागितलं."

"काय?"

"चार दिवस मी मागितले त्याच्याकडे. तो नाहीच म्हणत होता. बाबांशिवाय एवढं काम मला झेपायचं नाही, म्हणाला. मी त्याला शपथ घातली, म्हटलं, बाबांना सांगायचं नाही." काकूंनी डोक्याचा मफलर सोडला. "आपण लावलेलं लायटिंग मी आजवर एकटीने बघितलंय. प्रत्येक वेळी. दिवे लागले की सगळ्या बायका नवऱ्याला हाक मारतात, अहो, बघा. मी कोणाला मारू? तुम्ही जनरेटरमागे. म्हटलं, जिथे दुसऱ्या कोणीतरी दिवे लावलेत अशा ठिकाणी न्यावं यांना. तिथे तरी शेजारी उभे राहतील. तर इथे येऊन तुम्ही हरणाच्या पोटाखाली."

काकांना आठवलं, हरणाखालून वर आल्यावर पुढे निघून गेलेली काकूंची पाठ. आठवली काल घडी करून ठेवलेली शाल. तो सगळा गोंधळ, टोप्या, तिकिटं, झटपट भरलेल्या बॅगा, त्यांच्या डोक्यात एकेक करून जागेवर बसायला लागला आणि त्यांना फार वाईट वाटलं.

"मग? बदललं तिकीट?"

"ऑफिस बंद होतं."

"बरं झालं," काकू म्हणाल्या आणि त्यांनी पदराने नाक पुसलं.

मालकिणीला बहुतेक थंडी वाजायला लागली होती. तिने ताऱ्याकडे बोट दाखवलं, मग काकांकडे, आणि स्टूल पुढे करून जोड फिरवायची खूण केली. तारा नीट करून टाका, असं तिचं म्हणणं. काकांचा हात आपोआप वर गेला. अर्ध्यावरून त्यांनी तो खाली घेतला आणि काकूंचा हात धरला. काकूंच्या बोटांवर जोडाची काळी धूळ होती. काकांनी मालकिणीकडे बघून नकाराची मान हलवली.

"राहू दे," ते मराठीतच म्हणाले. "जायच्या दिवशी लावू."

मग ते बायकोला म्हणाले, "चल. शाल घेऊन ये. पुलावर जाऊ."